वरातीतील गोळीबार आणि शस्त्रनियमन

उत्तर प्रदेश, बिहार, हरियाणा आणि पंजाबच्या काही भागांत लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडण्याची प्रथा आढळते. हिंदीत तिला ‘हर्ष फायरिंग’ म्हणतात. हवेत झाडलेली गोळी खाली येतेच. गर्दीत नेम ढळला तर बळी पडतो तो पाहुणा, बँडवाला किंवा गच्चीवरून वरात पाहणारे मूल. अर्थशास्त्रात यास नकारात्मक बाह्य परिणाम म्हणतात : मिरविण्याचा लाभ बंदूकधाऱ्याचा, किंमत तिऱ्हाइताची.

शस्त्रे व दारूगोळा हा विषय सातव्या अनुसूचीतील संघसूचीत (नोंद ५) आहे; पोलीस व सार्वजनिक सुव्यवस्था राज्यसूचीत. अमेरिकेप्रमाणे शस्त्र बाळगणे हा भारतात घटनात्मक हक्क नाही, ही बाब परीक्षार्थींनी विसरू नये. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये २०१९ साली दुरुस्ती होऊन परवानाधारकाची शस्त्रमर्यादा तीनवरून दोनवर आली. निष्काळजीपणे वा आनंदोत्सवात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

परंतु परवान्यावरील नियंत्रणाने प्रश्नाची एकच बाजू हाताळली जाते. बंदुकीने होणाऱ्या बहुतांश खुनांत विनापरवाना शस्त्र वापरलेले असते. मीर कासीमने अठराव्या शतकात मुंगेरला राजधानी नेली आणि तेथे शस्त्रनिर्मिती सुरू केली. त्याच परिसरात आज बेकायदा गावठी पिस्तुलेही घडविली जातात. कसबी कारागिराला वैध रोजगार मिळाला नाही, तर केवळ छाप्यांनी हा पुरवठा आटत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली.

वरातीच्या बाबतीत खरी अडचण पुराव्याची आहे. गोळी झाडणारा वरपक्षाचा मामा असतो, साक्षीदार सगळे सोयरे. तक्रार करणार कोण? म्हणूनच प्रतिबंध आधी व्हायला हवा. मंगल कार्यालयाच्या मालकाने आरक्षण करतानाच शस्त्रबंदीची लेखी अट घालावी, सरपंचाने वरपित्याला समक्ष बजावावे, बँडवाल्यांनी बंदूक दिसताच वाजविणे थांबवावे. पैसा न लागणारे हे उपाय खटल्यापेक्षा कितीतरी स्वस्त. शिवाय कलम १७ नुसार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना निलंबित वा रद्द करता येतो. त्यासाठी दोषसिद्धीची वाट पाहावी लागत नाही. निवडणुकीच्या काळात परवानाधारकांकडून शस्त्रे जमा करून घेण्याची पद्धत आहेच. लग्नसराईतही जिल्हा प्रशासनाला तिचा विचार करता येईल.