धनाचा विश्वस्त

मनुष्य केवळ द्रव्य मिळवून तृप्त होत नाही. ते आपणांस न्यायाने मिळाले, असे त्यास स्वतःच्या मनाला पटवावे लागते. ही समजूत घालण्याची भाषा त्यास आपल्या समाजाचा धर्म व इतिहास पुरवितो. जर्मन पंडित मॅक्स वेबर ह्यांनी १९०४-०५ साली असे प्रतिपादिले की, कॅल्व्हिनच्या अनुयायांस व्यवसायातील यश हे ईश्वरी कृपेचे चिन्ह वाटू लागले व त्यायोगे भांडवलसंचयास धर्माचे पाठबळ मिळाले. हे मत सर्व इतिहासकारांस मान्य नाही.

अमेरिकेत अँड्र्यू कार्नेगी ह्यांनी १८८९ साली लिहिले की, धनिकाने अधिक असलेले धन समाजाचा विश्वस्त म्हणून खर्चावे. अडीच हजारांवर ग्रंथालये त्यांच्या द्रव्याने उभी राहिली. तथापि १८९२ साली त्यांच्याच होमस्टेड येथील पोलादाच्या कारखान्यात मजुरी घटविण्यावरून रक्तपात झाला व कामगारांची संघटना मोडली.

'विश्वस्त' हाच शब्द गांधीजींनीही स्वीकारला. परंतु त्यांस तो इंग्रजी कायद्याच्या ग्रंथात भेटला आणि त्याचा अर्थ उमगला गीतेच्या अभ्यासाने. दक्षिण आफ्रिकेत असता अपरिग्रहाचा विचार करीत त्यांनी आपला दहा हजार रुपयांचा विमा सोडून दिला. (प्रत्येक गृहस्थाने विमा मोडावा, असा ह्याचा अर्थ नव्हे, कुटुंबपोषण हाही त्याचा धर्मच.)

गीता व्यापारास हीन मानीत नाही. अठराव्या अध्यायाच्या ४४ व्या श्लोकात वाणिज्य हे वैश्याचे स्वभावजन्य कर्म म्हटले आहे, आणि पुष्कळ व्यापारी सज्जन तेथेच ग्रंथ मिटतात! त्यांनी सोळावा अध्याय अवश्य पाहावा. तेथील आसुरी पुरुष केवळ कृपण नाही. आपल्या संपत्तीची मोजदाद करता करता तो यज्ञ करण्याच्या व दान देण्याच्याही गोष्टी बोलतो (श्लोक १५). त्यापूर्वीच, १२ व्या श्लोकात, त्याचा संचय अन्यायाने होतो असे सांगितले आहे. म्हणजे किती दिले, ह्याच्या आधी कसे मिळविले, हा प्रश्न येतो. आणि आपल्या पेढीवरील गुमास्त्याचे वेतन त्याच प्रश्नात मोडते.

अहमदाबादेत १९१८ साली गिरणीकामगारांनी ३५ टक्के वाढ मागितली. गिरणीमालकांचे पुढारी अंबालाल साराभाई ह्यांनी गांधीजींच्या आश्रमास अडचणीच्या वेळी मोठे द्रव्यसाहाय्य केले होते. तरीही गांधीजी उभे राहिले ते कामगारांच्या बाजूस.