पाय जमिनीवर ठेवून फांदी कापू या
लांब दांड्याची करवत : निवड आणि वापर



टेंभुर्णी परिसरातील वस्त्यांसाठी कोणते अवजार भेट द्यावे, असे आपल्यापैकी काहींनी विचारले आहे. माझे उत्तर आहे, लांब दांड्याची करवत. दुकानात तिला ‘पोल सॉ’ म्हणतात. पण ती नीट निवडली आणि नीट वापरली तरच उपयोगाची. म्हणून हा पाठ.

गरज कुठे आहे?

उन्हाळ्यात जाफराबाद तालुक्यातले गवत संपते. मग शेळ्यांची भिस्त लिंब, बाभूळ, बोर, सुबाभूळ यांच्या पाल्यावर असते. घरातला एखादा माणूस कुऱ्हाड घेऊन झाडावर चढतो. एका हाताने फांदी धरतो आणि दुसऱ्याने घाव घालतो. आमच्या कामातल्या एका भिल्ल कुटुंबाचा कर्ता माणूस असाच लिंबावरून पडला. कण्याला मार बसला. दोन वर्षे झाली, तो बाजेवरच आहे. थोरली मुलगी शाळा सोडून आईबरोबर कापूस वेचायला जाते. शेळ्या विकून झाल्या आहेत. पाच-दहा मिनिटांच्या कामाची ही किंमत आहे. करवतीला दांडा लावायचा तो यासाठी, की माणसाला झाडावर चढावेच लागू नये.

करवत कशी निवडावी?

1. लांबी : 8 ते 10 फुटांचा दांडा पुरे. माणसाची उंची आणि हात धरून 14-15 फुटांवरची फांदी हाताशी येते. त्याहून लांब दांडा वाकतो, डुलतो आणि खांदे भरून आणतो.

2. पाते : थोडे वक्र असावे आणि दाते ओढताना कापणारे असावेत. उंचावर रेटण्यापेक्षा ओढणे सोपे जाते. पात्याचे आणि दांड्याचे वजनही मदतीला येते. पाते बदलता येते का, हे दुकानात विचारावे.

3. दांडा : अॅल्युमिनियमचा दांडा हलका असतो, पण त्यातून वीज सहज वाहते. फायबरचा दांडा त्या मानाने बरा. ओला बांबूही वीज वाहून नेतो. कोणताही दांडा तारेजवळ सुरक्षित समजू नये.

4. मोटारीची की हाताची? वस्तीवर हाताचीच द्यावी. मोटारीची करवत जड असते. तिला पेट्रोल किंवा चार्जिंग लागते आणि बिघडली की कोपऱ्यात पडून राहते.

कापण्याची रीत

आधी वर पाहावे. विजेची तार 10 फुटांच्या आत असेल तर हात लावू नये. महावितरणला 1912 या क्रमांकावर कळवावे. आग्या मोहोळ किंवा पक्ष्यांचे घरटे आहे का, तेही पाहावे. पावसाळ्याच्या सुमारास बाभळीवर सुगरणीची घरटी असतात. त्या दिवसांत ते झाड सोडून द्यावे.

फांदीच्या बरोबर खाली कधीही उभे राहू नये. बाजूला उभे राहून दांडा तिरका धरावा. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर चष्मा हवा. मुले आणि शेळ्या दूर ठेवण्यासाठी एक माणूस सोबत असावा.

मनगटाएवढ्या फांदीपर्यंतच ही करवत चालवावी आणि तीन काप घ्यावेत. पहिला, खोडापासून फूटभर अंतरावर खालच्या बाजूने, पाव जाडीपर्यंत. दुसरा, त्याच्या थोडा पुढे वरून. फांदी खाली येते आणि साल सोलली जात नाही. तिसरा, उरलेला खुंट काढण्यासाठी.

हा तिसरा काप महत्त्वाचा. फांदी खोडाला मिळते तिथे सालीची फुगीर वळी असते. तिच्या लगेच बाहेर कापावे. खुंट लांब ठेवू नये आणि वळीही कापू नये. अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ डॉ. अॅलेक्स शायगो (1930-2006) यांनी हजारो झाडे उभी चिरून अभ्यास केला. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड ती आत कोंडून टाकते, असे त्यांनी दाखवले. वळी शाबूत राहिली तर झाडाला हे काम जमते. वळी कापली तर कूज खोडात शिरते.

कुठे वापरू नये?

शाळेच्या किंवा दवाखान्याच्या आवारातील मेंदी, कोयनेल यांच्या कुंपणाला दोन हातांची मोठी कात्रीच हवी. करवतीने कोवळ्या काड्या फाटतात. कुंपणातून वर गेलेली जाड फांदी मात्र करवतीने काढावी. ज्या झाडाचे नाव आपल्या गावाला आहे, त्या टेंभुर्णीची पाने विड्यांसाठी तोडतात. तिच्या झुडपांची छाटणी जमिनीलगत होते, तिथेही हिचे काम नाही.

मोसंबीच्या बागेत ‘सल’, म्हणजे वाळलेल्या फांद्या काढायला ही करवत उत्तम. जालना जिल्ह्यात 2012च्या दुष्काळात किती बागा वाळल्या, हे आपल्याला आठवत असेल. एका झाडाचा रोग दुसऱ्याला लागू नये म्हणून पाते पुसून निर्जंतुक करावे आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी : 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी, प्लास्टिकच्या भांड्यात कालवलेले.

महाराष्ट्राच्या 1964च्या वृक्षतोड कायद्यात 16 जाती आहेत. मोह, आंबा, चिंच, जांभूळ त्यांत येतात. अशा झाडावर मोठे काम करण्याआधी वनखात्याला विचारावे. मोहाची फुले आणि फळे हे अनेक आदिवासी घरांचे उत्पन्न आहे, हेही विसरू नये.

आपण काय करू शकतो?

करवत एकटी देऊ नये. सोबत एक हेल्मेट, एक चष्मा आणि एक जादा पाते द्यावे. ती एका घरात न ठेवता महिला बचत गटाकडे ठेवावी. कोणी कधी नेली, ते वहीत लिहावे. पहिल्या दिवशी जाणत्या माणसाने समोर उभे राहून दोन फांद्या कापून दाखवाव्यात. एका वस्तीला एक संच पुरतो.

मंडळीत चर्चेसाठी

1. आपल्या ओळखीत झाडावरून पडून कोणी जायबंदी झाले आहे का? त्या घराची आज काय गरज आहे?
2. आपल्या आवारातील कोणती फांदी तारेजवळ आली आहे? 1912 वर कोण कळवणार?
3. आपला गट एका वस्तीच्या संचाची जबाबदारी घेईल का?