दूरचित्रवाणीवरील हेरकथा आणि राजकीय कारस्थान

हेरकथेतील कारस्थान म्हणजे शत्रूने बाहेरून रचलेला डाव, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जॉन ल कॅरे यांच्या १९७४ च्या कादंबरीवर आधारलेली ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ ही बीबीसीची सात भागांची मालिका (१९७९) या समजुतीला छेद देते. येथे सोव्हिएत हस्तक ब्रिटिश गुप्तचर खात्याच्या वरिष्ठ वर्तुळातच वावरतो. तथापि त्याचे यश हे केवळ त्याच्या चातुर्याचे फळ नव्हे. ‘विचक्राफ्ट’ या सांकेतिक नावाने मॉस्कोहून येणाऱ्या गुप्त माहितीच्या बळावर पर्सी ॲलेलाइन खात्याचा प्रमुख होतो. साहजिकच त्या माहितीविषयी शंका घेणे त्याला परवडणारे नसते. अधिकाऱ्यांची महत्त्वाकांक्षा हीच अशा रीतीने शत्रूची ढाल ठरते. सेवेतून दूर केलेला जॉर्ज स्मायली जुन्या फायली चाळून, सहकाऱ्यांच्या आठवणी परस्परांशी ताडून सत्यापर्यंत पोहोचतो. परिणामी कथानकाचा भर घटनेपेक्षा तिच्या अन्वयार्थावर येतो. मालिका संपल्यावर काही आठवड्यांतच, नोव्हेंबर १९७९ मध्ये, कलेतिहासकार अँथनी ब्लंट हे सोव्हिएत हेर होते, असे ब्रिटिश संसदेत जाहीर झाले. हेरकथेला केवळ रंजनप्रधान मानणाऱ्या समीक्षेने संस्थेच्या आत्मवंचनेचे हे चित्रण विचारात घ्यावयास हवे.