वारंवार जळणारा ग्लो प्लग

नायट्रो इंजिनावर धावणाऱ्या रिमोटच्या गाडीचा ग्लो प्लग पुन्हा पुन्हा निकामी होत असेल, तर नवा बसवण्याआधी जुना भिंगाखाली पाहणे अगत्याचे असते, कारण दोष बहुधा प्लगमध्ये नसून इंजिनात असतो. या प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेचे बारीक वेटोळे असते; ते प्रथम दीड व्होल्टच्या सेलने तापवतात आणि सेल काढल्यावरही, मिथेनॉलची प्लॅटिनमवर होणारी अभिक्रिया, दाबाने वाढणारे तापमान आणि आधीच्या ज्वलनाची धग यांमुळे ते लाल राहते. दोन व्होल्टचा सेल जोडल्यास हीच तार इंजिन चालू होण्याआधी वितळू शकते.

तार पिळवटलेली आणि चमक जाऊन निस्तेज झालेली दिसली, तर मिश्रण लीन, म्हणजे इंधन कमी व हवा जास्त, असल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी केवळ नीडल, म्हणजे इंधनाचे प्रमाण ठरवणारा स्क्रू, उघडून भागत नाही. कार्ब्युरेटरच्या मानेवरचा ओ-रिंग, मागची प्लेट, टाकीचे झाकण आणि इंधनाची नळी यांतून चोरून हवा शिरत नाही ना, हे तपासावे लागते. ठाणे-कल्याण पट्ट्यात ऋतूचाही यात वाटा असतो. पावसाळ्यातील दमट हवेत प्राणवायू तुलनेने कमी असतो. त्या हवेत बसवलेली नीडल जानेवारीच्या गार, कोरड्या सकाळी तशीच ठेवली, तर तेच मिश्रण लीन ठरते. इंधनातील नायट्रोमिथेनचे प्रमाण 16 वरून 30 टक्क्यांवर नेल्यासही पेट वेळेआधी घेतला जातो व तारेवर ताण येतो. तेव्हा हेडखाली जादा शिम, म्हणजे पातळ धातूची चकती, घालून दाब उतरवणे हा योग्य उपाय होय.

सर्वांत फसवे कारण मात्र गंजाचे आहे. नायट्रोमिथेनच्या ज्वलनातून आम्लधर्मी अवशेष उरतात, मिथेनॉल हवेतील पाणी शोषून घेते, आणि वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या खाडीकाठच्या शहरात, इंधन न संपवता ठेवून दिलेल्या इंजिनाचे बेअरिंग काही आठवड्यांत गंजू शकते. त्या गंजाचे किंवा झिजलेल्या कनेक्टिंग रॉडचे कण सिलिंडरमध्ये चढून तारेवर आपटतात. तार ठेचलेली किंवा तुटलेली आढळते, पिस्टनच्या माथ्यावर बारीक खड्डे दिसतात, आणि चालक मात्र नीडलशीच झगडत राहतो. म्हणून गाडी थांबवताना नळी चिमटून उरलेले इंधन जाळून टाकावे, प्लगच्या छिद्रातून व कार्ब्युरेटरमधून इंजिनात घालण्याच्या तेलाचे काही थेंब सोडून फ्लायव्हील फिरवावे, इंधनाची बाटली घट्ट बंद ठेवावी. फ्लायव्हील हाताने फिरवताना खरखर जाणवत असेल, तर बेअरिंग बदलेपर्यंत त्या इंजिनात नवा प्लग बसवू नये.