चूल आणि वैल

पालीमागे सरसगड उभा आहे. आपल्या सुधागड तालुक्यात डोंगर पुष्कळ, वाड्याही पुष्कळ. गॅस आला, तरी कितीतरी घरांत पाणी तापवायला, भाकरी भाजायला चूल पेटतेच. चुलीला लाकूड लागते. मोळी डोंगरातून डोक्यावर आणावी लागते. ती बहुधा बायकाच आणतात. धूरही त्यांच्याच डोळ्यांत, छातीत जातो. जवळ बसलेल्या लेकरालाही तो बाधतो. त्याने न्यूमोनिया होण्याचे भय वाढते.

'लाकूड जपून जाळा,' असे आम्ही नुसते सांगितले तर काय होईल? तुम्ही मान डोलवाल आणि घरी गेल्यावर रोजच्यासारखेच कराल. त्यात तुमचा दोष नाही. वस्तूच अशी घडवावी की, ती वापरता वापरता बचत व्हावी.

आपली जुनी चूल पाहा. तिच्या बाजूला वैल असतो. तव्याखालचा उरलेला जाळ वैलाकडे जातो. इकडे भाकरी होते, तिकडे आमटी शिजते. वेगळे लाकूड घालावे लागत नाही. ही बचत कोणी उपदेश करून शिकवली नाही. वैलानेच ती शिकवली.

पुढे धूर बाहेर नेणाऱ्या चुली निघाल्या. वर्ध्याच्या मगनवाडीत तयार झालेली मगन चूल त्यांपैकीच एक. १९८३ साली भारत सरकारने सुधारित चुलींची योजना सुरू केली. ती २००२ पर्यंत चालली. देशभर तीन कोटींहून जास्त चुली दिल्या गेल्या. पण त्यांतल्या पुष्कळ चुली लवकरच मोडल्या, नाहीतर नुसत्या पडून राहिल्या. असे का बरे झाले?

कुठे भांडे चुलीच्या तोंडावर नीट बसेना. कुठे जाड लाकूड आत जाईना, ते बारीक फोडत बसावे लागे. कुठे धुराड्यात काजळी साचली आणि धूर पुन्हा घरातच फिरू लागला. मग बाई आपल्या जुन्या चुलीकडे वळली. नव्या चुलीमागचा हेतू चांगला होता. पण रांधणारीला विचारायचे पुष्कळदा राहून गेले.

म्हणून घरात नवी चूल बसवण्याआधी चार गोष्टी विचारा :

१. आपला तवा, आपले टोप हिच्यावर नीट बसतात का?
२. आपल्याकडे मिळते ते लाकूड हिच्यात जाते का?
३. धुराडे आपल्याला साफ करता येईल का?
४. मोडली तर गावातच दुरुस्त होईल का?

उत्तर 'नाही' आले, तर तेव्हाच सांगा. लाजू नका. रोज चूल पेटवणारीला जे कळते, ते चूल घडवणाऱ्याला ठाऊक असतेच असे नाही.