दातेरी सुरीला धार: कशी लावायची, किती घ्यायचे आणि ‘नाही’ कधी म्हणायचं

धारेच्या व्हिडिओत साधी सुरी आणि कात्री बघितली. आता दातेरी पातं. धारेचं काम सुरू करणारे बहुतेक जण हे काम घेतच नाहीत, नाहीतर घेऊन पातं खराब करतात. गिऱ्हाईक ब्रेडची सुरी घेऊन येतं, आपण ती फिरत्या चाकावर धरतो, दोन मिनिटांत चकाचक होते. पण दाते गेलेले असतात! ती सुरी पुन्हा पाव कापत नाही, चेपते. आणि ते गिऱ्हाईक परत येत नाही.

आधी दाते कशासाठी असतात ते समजून घ्या

आपल्या तेलगावचं उदाहरण घेऊ. इथं साखर कारखाना आहे, बीड जिल्हा ऊसतोडीचा, त्यामुळे कोयता कुणाला सांगायला नको. नवरा-बायकोच्या जोडीलाच आपल्याकडे ‘एक कोयता’ म्हणतात. पण कोयत्याला दाते नसतात. का? कारण कोयता घाव घालतो. तिथं सपाट, मजबूत धार लागते.

दातेरी पातं घाव घालत नाही, ओढून कापतं, करवतीसारखं. वरून टणक आणि आतून मऊ वस्तूला ते बरोबर बसतं: पाव, केक, टोमॅटो. शेतात बघा, दातेरी विळा. ‘वैभव विळा’ नावानं तो बऱ्याच जणांना माहीत आहे. सोयाबीनचं किंवा गव्हाचं ताट त्याने ओढून कापतात. हिसका कमी बसतो आणि साध्या विळ्यासारखं त्याला सारखं निसण्यावर घासावं लागत नाही.

दातेरी धार जास्त दिवस का टिकते? पाटाला आधी दाताचं टोक लागतं, खरी धार आतल्या खाचेत सुरक्षित राहते. म्हणून टोकं बोथट झाली तरी सुरी बरेच दिवस चालते. आणि म्हणूनच धार लावायची ती खाचेत, टोकावर नाही. आजच्या धड्यातलं एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुरे.

सामान काय लागतं?

- निमुळती गोल डायमंड कानस (स्टीलच्या कडक सुरीवर साधी कानस घसरते, चावत नाही)
- बारीक त्रिकोणी कानस, विळ्यासाठी
- बारीक दाण्याचा धारेचा दगड
- छोटा शिकंजा, मार्कर पेन, जुनं कापड
- चष्मा आणि हातमोजे. हे ऐच्छिक नाही!

धार लावायची पद्धत

१. पातं उजेडात धरा. बहुतेक दातेरी सुऱ्यांना एकाच बाजूला उतार असतो, दुसरी बाजू सपाट असते. काम फक्त उताराच्या बाजूने करायचं.

२. सुरी शिकंज्यात कापड घालून पकडा. धार तुमच्यापासून लांब, पाठ तुमच्याकडे.

३. उतारावर मार्करने रंग द्या. कानशीचे दोन हलके घासे मारा आणि बघा. सगळीकडून रंग गेला तर कोन बरोबर. फक्त वरचा गेला किंवा फक्त काठावरचा गेला तर हात थोडा वर-खाली करा.

४. कानस निमुळती असते, त्यामुळे खाचेत नेमकी बसेल ती जाडी निवडा. जास्त जाड भाग घेतला तर टोकं घासून सपाट होतात, जास्त बारीक घेतला तर खाचेत नवीन खड्डा पडतो.

५. पाठीकडून धारेकडे, एकाच दिशेने, प्रत्येक खाचेत चार-पाच घासे. मोजून मारा. एका खाचेत पाच आणि दुसरीत पंधरा असं झालं की पातं वाकडं कापतं.

६. सपाट बाजूवर बोट पाठीकडून धारेकडे हलकेच फिरवा, धारेच्या लांबीने कधीच नाही. बारीक खरखर लागली, म्हणजे धातूची कोर पलीकडे वळली. त्या खाचेचं काम झालं, पुढच्या खाचेत जा.

७. शेवटी सपाट बाजू दगडावर पूर्ण आडवी ठेवून एक-दोनदा हलकी ओढा. खरखर निघून जाते. इथं जोर लावायचा नाही.

८. साबणाने धुवा, पुसा. बेकरीची सुरी असेल तर डोळ्यांत तेल घालून बघा. लोखंडाचा एक कण पावात गेला तर गिऱ्हाईक त्याचं जातं आणि नाव तुमचं.

चाचणी कागदावर किंवा पिकलेल्या टोमॅटोवर घ्या. दाब न देता, नुसतं ओढून साल कापली गेली पाहिजे.

विळ्याचं थोडं वेगळं आहे. त्याचे दाते बारीक असतात, गोल कानस बसत नाही. त्रिकोणी कानशीने प्रत्येक खाचेत दोन-तीन हलके घासे द्यायचे, मग सपाट बाजू दगडावर एकदा ओढायची. दाते तुटलेले असतील तर हात लावू नका, नवा विळा घ्यायला सांगा.

आता हिशोब, कारण आपण धंदा शिकतोय

खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे भाव टाका. साध्या सुरीला ३ मिनिटं लागतात. ब्रेडच्या सुरीला तीसेक खाचा, म्हणजे धुऊन-पुसून १२ मिनिटं धरा. तुमच्या वेळेची किंमत मिनिटाला २ रुपये.

- वेळ: १२ × २ = २४ रुपये
- कानशीची झीज (३०० रुपयांची कानस, १०० सुऱ्या): ३ रुपये
- भाडं, वीज, बाकी: ५ रुपये
- एकूण खर्च: ३२ रुपये

बरेच जण साधी आणि दातेरी दोन्ही २० रुपयांत करतात. म्हणजे प्रत्येक दातेरी सुरीमागे १२ रुपये खिशातून जातात. अशा १० सुऱ्या आल्या की १२० रुपये गेले, आणि वरून वाटतं की आज धंदा जोरात झाला! भाव ४० ठेवा आणि दोन्हीचे दर पाटीवर वेगवेगळे लिहा.

‘नाही’ कधी म्हणायचं?

धार लावण्याचा खर्च नव्या सुरीच्या किमतीच्या पाव भागापेक्षा जास्त होत असेल तर काम घेऊ नका. १६० रुपयांवरची सुरी घ्या. रंगीत मुठीची, बारीक दात्यांची ३० रुपयांची सुरी आली तर स्पष्ट सांगा, “ताई, ह्याला धार लावण्यात पैसे घालू नका, नवीनच घ्या.” आणि ती नवीन तुमच्याच दुकानात टांगलेली पाहिजे. खरं बोलल्याने विक्रीही होते आणि विश्वासही बसतो.

हंगाम ओळखा

विळ्याचं काम सोयाबीन काढणीच्या आधी येतं. खंडेनवमीला लोक हत्यारं काढून, पुसून पूजतात, त्याच्या पंधरा दिवस आधी पाटी लावा. पुढे ऊसतोडीला माणसं बाहेर पडतात, वाड्या-तांडे अर्धे रिकामे होतात आणि घरगुती काम घटतं. ते महिने हॉटेल, बेकरी आणि केकवाल्यांवर काढायचे. त्यांच्याकडे आत्ताच जाऊन या, दिवाळीनंतर नाही. दातेरी सुरी रोज येणार नाही, रोजचं पोट साध्या सुऱ्या-कात्र्यांवरच भरतं. पण “दातेरीलासुद्धा नीट धार लावतो” हे नाव झालं की बाकीचं काम त्याच दारात येतं.

गिऱ्हाईकाला निघताना हे चार शब्द सांगा: स्टीलच्या ताटावर किंवा ओट्यावर कापू नका, लाकडी पाट घ्या. लिंबू-टोमॅटो कापल्यावर लगेच धुवा. ओली ठेवू नका. चमच्यांच्या गर्दीत टाकू नका, पात्याला पुठ्ठ्याचं म्यान करा. विळा हंगामानंतर तेलाचा हात फिरवून टांगा.

आजचा गृहपाठ: घरातली एक जुनी दातेरी सुरी घ्या, खाचा मोजा, घड्याळ लावून धार लावा. किती मिनिटं लागली ते वहीत लिहा आणि वरच्या हिशोबात टाका. जो आकडा येईल तो तुमचा खर्च. त्यावर नफा धरा, आणि मगच पाटी रंगवायला द्या.