पाऊण तास आणि गार थालीपीठ

नौपाडा, ठाणे

चि. बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद.

ताईने काल फोनवर सगळं सांगितलं. मग मी गूगलवर तुझ्या हॉटेलखाली लोकांनी काय लिहिलंय ते स्वतः वाचलं. त्या बाईंनी एक स्टार दिलाय: 'पाऊण तास थांबलो, थालीपीठ गार आलं, विचारलं तर कोणी धड बोललं नाही.' त्याखाली तुझं उत्तर: 'रविवारी गर्दी असते हे तुम्हाला कळायला हवं होतं.' बाळ, त्यांचा एक स्टार मला लागला नाही, तुझं उत्तर लागलं. उद्या डोंबिवलीत घरडा सर्कलला उभं राहून, कुठे जेवायचं म्हणून मोबाइल चाळणारं कुटुंब तेच वाचणार आणि म्हणणार, हा आपल्याशीही असाच बोलेल.

मी तीस वर्षं ठाणे स्टेशनाजवळच्या एका हॉटेलात गल्ल्यावर बसलो. रोज साडेचारला एक निवृत्त मास्तर यायचे. साबुदाणा वडा, अर्धा चहा, तेच कोपऱ्यातलं टेबल. एकदा त्यांनी वडा मोडला, वास घेतला आणि बशी घेऊन माझ्याकडे आले. 'तेल जुनं आहे हो,' एवढंच म्हणाले. तेल खरंच जुनं होतं, मला ठाऊक होतं. मी म्हणालो, 'आज सगळ्यांना हाच दिलाय.' त्यांनी पैसे ठेवले, सुट्टे मोजून घेतले आणि गेले. पुढे दोन वर्षं ते रोज साडेचारला आमच्या दारावरून जाताना मला दिसायचे, समोरच्या हॉटेलात. हळूहळू त्यांच्या कट्ट्यावरचे बाकीचे चौघेही तिकडेच बसू लागले. मास्तरांनी कुठे काही लिहिलं नव्हतं. तुझ्या त्या बाईंनी लिहिलं तरी! चूक कुठे झाली ते तुला फुकट कळलं.

नाव कसं होतं ते आपल्याच भागात बघ. मामलेदार मिसळ १९४६ पासून तहसील कचेरीच्या आवारात आहे, कचेरीवरूनच ते नाव तोंडी बसलं. तिथे मिसळ तिखट हवी, मध्यम की कमी, हे आधी विचारतात. एकच जाळ रस्सा सगळ्यांपुढे ठेवला असता तर लहान पोर घेऊन आलेली आई पुन्हा पायरी चढली नसती. कल्याणात वझ्यांच्या घराच्या खिडकीतून वडे विकले जायचे, म्हणून तो खिडकी वडा. खिडकीत देणारा आणि घेणारा समोरासमोर असतात. वडा गार असला तर तिथल्या तिथे कळतं. तुझं गिऱ्हाईक मात्र घरी जाऊन बोलतं, म्हणून ते उठण्याआधी तू टेबलाशी जायला हवंस.

हार्वर्डच्या मायकेल लुका या अभ्यासकाने २०११ मध्ये सिएटलमधल्या हॉटेलांचा हिशेब मांडला होता. एक स्टार वाढला की धंदा पाच ते नऊ टक्के वाढतो असं त्याला दिसलं, पण ते स्वतंत्र, छोट्या हॉटेलांचं. साखळी हॉटेलांना फारसा फरक पडला नाही. त्यांची पाटी लोकांना आधीच ठाऊक असते, तुझी नाही.

आता घोळ कुठे होतो ते सांगतो. आठ वाजले की लोकलमधून उतरलेली, दमलेली माणसं येतात आणि त्याच वेळी स्विगी-झोमॅटोच्या ऑर्डरींच्या चिठ्ठ्या भटारखान्यात पडायला लागतात. तवा एकच. पार्सल आधी निघतं आणि टेबलावरचा माणूस थांबतो. तेव्हा तेवढा तासभर थालीपीठ ऑनलाइन बंद ठेव. उशीर होणार हे दिसलं की वेटरला पाठवू नकोस, तू जा. 'काकू, वीस मिनिटं लागतील, तोवर ताक देऊ का?' इतकं बोलायला किती वेळ लागतो? पार्सल न्यायला आलेल्या पोरालाही पाणी विचारत जा. पावसात डबा सांडू न देता नेणारा तोच आहे.

मित्रांकडून पाच-पाच स्टार टाकून घेतलेस हेही मी पाहिलं. एकाच दिवशी अकरा जण 'अप्रतिम' लिहितात तेव्हा वाचणाऱ्याला कळतं रे. ऑनलाइन अभिप्राय खरे असावेत म्हणून सरकारने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानकच काढलं. ते पाळणं ऐच्छिक आहे म्हणून तू खोटं करायचंस असं नाही. काढून टाकायला सांग त्यांना.

आणि बिलात आपोआप पडणारा सर्व्हिस चार्ज आजच बंद कर. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच त्याला मनाई केली, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. पोरांना पगार वाढवून द्यायचा तर थालीपिठाचा भाव दहा रुपयांनी वाढव, पण तो मेनूकार्डावर दिसू दे.

त्या बाईंना दिलेलं उत्तर पुसून हे लिही: 'ताई, थालीपीठ गार आलं आणि आम्ही नीट बोललो नाही, दोन्ही चुका आमच्या. रविवारी संध्याकाळी आता तव्यावर आणखी एक माणूस असतो. याल तेव्हा मला हाक मारा.' पण आधी तो माणूस ठेव, मगच लिही.

येत्या रविवारी मी सातच्या लोकलने डोंबिवलीला येतो. गल्ल्यावर मी बसेन, तू टेबलांवर फीर. ताईला सांग, माझं जेवण तुझ्याकडेच.

तुझा,
मामा